चपलेतली चावी आणि तुझं काळं पाणी

ती. लल्ला मन्नूबिया,

तुझ्या धाकट्या भावाचा, बशीरचा, स्फाक्सहून सलाम. तुझे गुडघे, तुझा तेलाचा घाणा आणि पाहुण्यांना शिंगं मारणारी ती शेळी, तिघांच्याही तब्येतीसाठी मी रोज पहाटेच्या नमाजात दुआ मागतो (शेळीसाठी जरा हात आखडता घेऊन).

गेल्या महिन्यात तुझ्या घाण्याची चावी मी हरवली, त्यावर फोनवर तू जे जे बोललीस ते सगळं मला लागू आहे. पण नमाजात सिजद्याला वाकलं की खिशातली चावी फरशीवर पडून खणकते, म्हणून ती चपलेत सरकवून चप्पल मशिदीच्या दाराशी सोडायची, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. चप्पलच कुणी चुकून घालून जाईल, हे तेवढं सांगायचं राहिलं.

तुझ्या तळ्यात साठलेल्या, ऑलिव्ह गाळून उरलेल्या काळ्या पाण्याचं काही होईपर्यंत नगरपालिका घाणा सुरू करू देणार नाही आणि फळं तर पिकत आलीत, हे मी विसरलेलो नाही. त्या पाण्यातला कडू अंश तोडणारं एन्झाइम आम्ही प्रयोगशाळेत जंतूंकडून करवून घेतो. पण जंतूच्या पोटात त्याचा नुसता गुंता होतो. जंतूला दोन भिंती असतात. मधल्या बोळात नेलं की ते नीट घडी घेतं. त्यासाठी पुढे एक छोटी संकेत-साखळी जोडावी लागते. ती पाहून आतल्या भिंतीचं दार उघडतं आणि माल बोळात सोडताना साखळी तिथंच कापून टाकतं. शेवटी एन्झाइम ओढून काढायला एक मूठही लावतो. ती कुठं लावायची ते माझ्यावर सोपवलं होतं. मी बिस्मिल्ला म्हणून, महत्त्वाची वस्तू पुढे असावी म्हणून, साखळीलाच लावली. तीन आठवडे हाती काही लागेना. जंतूंना साखरपाण्यात बसवलं, मग एकदम गार पाण्यात टाकून बाहेरची भिंत सैल केली. एन्झाइम बोळात होतं, पण धरायचं कशाला?

एकदा जेवताना मी आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर राउदांना चपलेची गोष्ट सांगितली. त्यांचा चमचा हवेतच थांबला. "बशीरकाका, तुम्ही इथंही चावी चपलेतच ठेवलीत की हो!" मग इतक्या हसल्या की मला पाणी आणून द्यावं लागलं. साखळी दारातच कापली जायची आणि तिच्याबरोबर मूठही जायची! मग मूठ एन्झाइमच्या शेपटाकडे लावली. परवा तू पाठवलेल्या बरणीतलं काळं पाणी दुपारच्या नमाजापासून संध्याकाळच्या नमाजापर्यंत फिक्या चहासारखं झालं. मी दोनदा शुक्र अदा केला.

तुझा लाडका,
बशीर

ता. क. बरणी झाली, आता तळं हवं. "माझ्या तळ्यात जंतू सोडलास तर भाऊ म्हणणार नाही," असं तू म्हणाली होतीस. जंतू इथंच राहतील गं, फक्त त्यांच्या हातचं काम येईल. हो म्हण.

ता. ता. क. चाचणीच्या अर्जावर तुझ्या तळ्याचं नाव मागच्याच सोमवारी लिहिलंय. डॉक्टरबाई गुरुवारी येतील. कुसकुस कर, आणि शेळी बांध.

आणि एक. चपला परत मिळाल्या, चावी आतच होती! पण कुलूप तू तोडलंस असं कळलं. चांगलंच झालं, गुरुवारी दार उघडंच असेल.