तपासल्याची तारीख

५ जानेवारी, सोमवार, सकाळी १०
संकल्प: यंदाही मुकादमची माहितीपानं चोख ठेवणे. मुकादम म्हणजे आमच्या ऑफिसचं टूल (आत्मचरित्राला उपयोगी पडेल म्हणून नोंदवतो). काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची, की तो मोठमोठी गणितं सर्व्हरवर रांगेत लावतो, चालवतो, थांबवतो. तो कसा वापरायचा हे लिहिणारा कंपनीत मी एकटा, तेही नागावच्या वाडीत बसून.

बेचाळीस पानं. प्रत्येकाखाली 'तपासल्याची तारीख'. दर सोमवारी बदलतो. आज बावीस मिनिटांत. कमांड चालवून बघत नाही. मीच लिहिल्यात, माझ्याशी खोटं कशाला बोलतील? श्यामलाने विचारलं, झालं एवढ्यात? बायकोला डॉक्युमेंटेशनमधलं कळत नाही.

८ जानेवारी
मुकादमची नवी आवृत्ती. काय काय बदललं त्याची लांबलचक मेल. सोमवारी शांतपणे वाचणार. स्टार लावला.

१० जानेवारी
कल्पिताचा फोन. ऑफिसात नवी, पेणकडची. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाला खारबांध आहे. तो उधाणाला कुठे फुटेल, याचं गणित तिने आमच्या साहेबांच्या, प्रज्योत सरांच्या परवानगीने ३ तारखेपासून मुकादमला लावलंय. वीस दिवस चालणार. २६ तारखेच्या ग्रामसभेत नकाशा मांडायचाय, नाहीतर दुरुस्ती याही वर्षी भलत्याच टोकाला होणार आणि दुसऱ्या टोकाला तिच्या वडिलांचं शेत. म्हणाली, तुमची पानं आहेत म्हणून धीर येतो सर.
श्यामलाला दोनदा सांगितलं.

१२ जानेवारी, सोमवार
तारखा टाकल्या. एकोणीस मिनिटं. प्रगती. मेल राहिली. भावाने वालाच्या शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावली होती, वाल यंदा फार चांगले.

१३ जानेवारी
पोट.

१६ जानेवारी
कल्पिताचा मेसेज. उद्या सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद, तर काम होल्ड करू ना? पानावर आहे की काम जागच्या जागी थांबतं आणि रिझ्यूम म्हटलं की तिथूनच पुढे जातं. नक्की ना सर?
क्षणभर मेल आठवली. मग पान उघडलं. तपासल्याची तारीख १२ जानेवारी. चारच दिवसांपूर्वीची! लिहिलं, डोळे मिटून कर.

१८ जानेवारी
गणित पहिल्यापासून सुरू झालं. आता होल्डसोबत सेव्हही लिहावं लागतं. नाही लिहिलं तर झालेलं सगळं पुसतं. त्या मेलच्या तिसऱ्या ओळीत होतं. असली गोष्ट ठळक अक्षरात नको? लोकांना लिहिताच येत नाही.
चौदा दिवस गेले तिचे. भांडली असती तर बरं झालं असतं. ठीक आहे सर म्हणाली आणि फोन ठेवला.

१९ जानेवारी
तिच्या वडिलांचा, रामचंद्रभाऊंचा फोन. आवाज चढवला नाही. पोरगी दोन दिस बोलत न्हाय, म्हणाले. पानावर ताजी तारीख होती म्हणून भरोसा ठेवला तिनं. मी म्हटलं, सिस्टीम बदलली हो. तर म्हणाले, व्हय, बांध पण बदलतो. म्हणून आमी दर भरतीला त्याच्यावर चालून बघतो.
आज सोमवार होता. तारखा टाकल्या नाहीत.

२० जानेवारी
निर्णय! प्रत्येक कमांड स्वतः चालवणार. आजपासून.
मुकादमवर लॉगिन होईना. प्रज्योत सरांचं उत्तर आलं: नव्वद दिवस न वापरलेलं खातं आपोआप बंद होतं, तुमचं मार्चमध्ये झालंय.
मार्चपासून किती सोमवार झाले ते सरांनी विचारलं नाही. मी मोजले. त्रेचाळीस. लाज वाटली.

२६ जानेवारी
कल्पिताला मीच फोन करून विचारलं. ग्रामसभा झाली. नकाशा नव्हता. दुरुस्ती जुन्याच टोकाला.

२ फेब्रुवारी, सोमवार
खातं उघडायला वेळ लागणार. तोवर कल्पिता कमांड चालवते, फोनवर सांगते आणि मी टाइप करतो. पान दोघांच्याही स्क्रीनवर. दिवसभरात तीन झाली. तिने खाली नवी ओळ घातली, तपासणारी: कल्पिता. माझ्याही नावाला जागा हवी, असं सुचवलं. टाका ना सर, म्हणाली. काय म्हणून टाकू? जरा विचार करून म्हणाली, टायपिंग.
टाकलं. नव्या उमेदीने चौथं पान उघडलं, खाली आजची तारीख लिहिली.
ती म्हणाली, सर, मी अजून कमांड चालवली नाही.