राखीव गडी

अमरावती. मार्गशीर्ष शु. ३, शके १८८१ (डिसेंबर १९५९)
स्नानसंध्या यथासांग. पूजा आटोपते तोच शाळेचे ड्रिलमास्तर गावंडे आले. नातू चि. दिनकर यास शाळेच्या फुटबॉल संघात घेऊ म्हणतात. पौषात अकोल्यास सामने आहेत. मात्र अकरांत नव्हे, राखीव. पहाटे व सायंकाळी सराव सक्तीचा. म्हणजे कापसाच्या जिन-कारखान्यामागच्या मोकळ्या जागेतला मुलांचा रोजचा खेळ बंद. तिथे दिनकरच पुढारी. विटांचे दोन ढीग म्हणजे गोल, आणि हारजीत घरी पोहोचेपर्यंत विसरलेली.
चि.चे वडील मूर्तिजापुरास रेल्वेत. त्याचे शिक्षण व वळण माझ्याकडे, तेव्हा हा निर्णयही माझाच.

शु. ५
निश्चय झाला. संघ नको. सौ.ला सांगितले. ती तूर निवडीत होती. म्हणाली, "मला काय सांगता? ज्याला खेळायचं त्याला सांगा."

शु. ६
भोजनोत्तर चि.स समोर बसवून फलाशेचा विषय मांडला. कर्म करावे, दृष्टी फळावर नसावी. जेथे ढाल नाही, करंडक नाही, तोच शुद्ध खेळ. विवेचन बरे साधले होते. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाला, "मंग आबाजी, मले पाठांतराच्या स्पर्धेत काहून बसवता? मांगच्या साली दुसरा आलो तं तुमी दोन दिवस जेवले नाई."
दोन दिवस नव्हे. एक रात्र. तीही पित्तामुळे.
सौ. आतून मोठ्याने हसली. "अहो, कोनाडा बघा कोनाडा!" कोनाड्यात चि.ने पाठांतरात मिळविलेले पेले. चिंच लावून घासतो मीच.
 

शु. ८
न पाहता निर्णय देणे हा अधर्म. सायंकाळी जिनामागे जाऊन उभा राहिलो. चि. चौघांना चुकवून गेला आणि अगदी गोलापुढे चेंडू किसनाकडे ढकलला. (किसना म्हणजे आमच्या भाजीवाल्याचा मुलगा, चि.चा सखा.) किसनाने तो थेट बाभळीत मारला. सगळे पोट धरून हसले, किसना सर्वांत जास्त. शेवटी गोल किती, यावर एकमत नाही.

शु. ९
आज पहाटे शाळेचा सराव पाहिला. गावंडे यांनी चि.स चार दिवस येऊन पाहण्यास सांगितले आहे. तो रेषेबाहेर. गेलेले चेंडू आणून देणे एवढेच काम. मला संताप आला. परतताना म्हटले, "तिथे तुला बसवून ठेवतात."
"बसीन, आबाजी. पन तिथं माह्यापेक्षा चांगले पोट्टे आहेत. जिनामागं मी सगळ्यायले हरवतो. मले शिकवन कोन?"
ज्ञानासाठी गुरुगृही समिधा वाहणारे शिष्य मी त्याला किती वेळा सांगितले आहेत. 
सायंकाळी किसना कुंपणाबाहेरून ओरडला, "दिन्या, जा अकोल्याले! पानी पाजाले जा पोट्ट्यायले!" चि. बाहेर गेला नाही. जेवलाही थोडेच.

शु. ११, एकादशी
हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला: या विषयात मी अवाक्षर काढणार नाही. मार्ग त्याने निवडावा. पाठांतर स्पर्धेतही यंदा त्याचे नाव दिले नाही. न्याय दोन्हीकडे सारखा.
फराळाला भगर. चि.स हे सांगितले, तर घास हातातच राहिला. "नाव दिलं नाई? काहून? या साली पयला येतो ना मी!"
सौ. माझ्याकडे पाहत राहिली. मी भगरीकडे.
दुपारी जाऊन नाव देऊन आलो. संकल्प फुटबॉलपुरता कायम.

शु. १३
किसना आला. ओसरीवर बसले दोघे. भांडण मिटले म्हणावे तर बोलणे नाही; चेंडूची वादी मात्र दोघांनी मिळून आवळली. जाताना किसना म्हणाला, "तू आला नाई तं मीच कॅप्टन." चि. म्हणाला, "तू? मंग बाभळीलेच गोल लागतीन." हसले. नंतर चि. बराच वेळ दारात.

शु. १४
गावंडे यांचा निरोप: उद्या पहाटे सरावास येईल तो संघात, न येईल त्याचे नाव कमी. उद्या दत्तजयंतीची सुट्टी, म्हणून जिनामागचा खेळही पहाटेच.
पाठ म्हणून झाल्यावर चि. आजीला म्हणाला, "आजी, पाचले उठव."
"कुठं जायचं रे?"
"तू उठव तं खरी."
मला काही विचारले नाही. विचारले असते तरी सांगणार नव्हतो. परंतु जिभेवर एक उत्तर आहे खरे, आणि ते शु. ५ चे 'संघ नको' नव्हे.