पाण्यातली काडी

बाबा, कारखान्यामागच्या खड्ड्यात पाणी साचलं आहे आणि त्यातल्या वाकड्या सळईवर एक लाल चतुर जाळीदार पंख पसरून बसून राहिला आहे. जेवणाच्या सुट्टीत मी रोज त्यालाच पाहतो. दुसरा आला की हा झेपावतो, त्याला पार भिंतीपर्यंत हाकलतो आणि परत येऊन त्याच सळईवर. इथं मोरबीत हे कोणाला सांगू? सोबतचे म्हणतात, "भैया, रोटी खा ले, ठंडी हो रही है."

रविवारी तुम्ही मला गढ्याच्या तलावावर न्यायचे. गळ नुसता नावाला. मासा लागला तरी तुमची नजर पाण्यात रोवलेल्या एका काडीवर, तिच्या टोकाला बसलेल्या अशाच चतुरावर. "पाहून राहिला का बे? एवढा तलाव पडला आहे, पण याले हेच टोक पाहिजे. आमच्या खमरियाच्या ड्यूटीच्या बसमध्ये रुमाल टाकून सीट धरतेत ना, तसा." एकदा तुम्ही चहा घ्यायला गेले, तेवढ्यात मी गंमत म्हणून काडी उपटली. तो परत आला. जिथं काडी होती तिथंच हवेत थांबला, बाजूला सरकला, पुन्हा तिथंच आला. तुम्ही माझा ओला हात पाहिला. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "काहून उपटली? जा, वापस गाड के आ." आणि सायकल काढायला गेले. मी मागं बसलो तेव्हा तुम्ही विचारलं, "बसला का?" मी म्हटलं, "बसला."

मग आठवीत शाळा सुटली, पुढं घर सुटलं. हे माझं तिसरं गाव. फोनवर तुमचं दर वेळी तेच, "बसला का जम?" आणि माझं तेच, "बसला, बाबा." मागून आई सांगायची, हे तुझ्या खाटेवर कोणाला टेकू देत नाहीत, पाहुण्यांनाही खाली झोपवतात. शेवटच्या फोनवर तुम्हाला धाप लागत होती. "जम बसला असन तं राहा. नाही तं ये." मी बसला म्हटलं. मी घरी पोचलो तेव्हा तुम्हाला ग्वारीघाटाच्या स्मशानात पोचवून लोक परतले होते. माझ्या खाटेवर धुतलेली चादर होती.

याला पाच वर्षं झाली. ही चिठ्ठी टाकू कुठं, खिशातच राहील. एक सांगायचं होतं. त्या दिवशी तलावावर परत गाडताना काडी माझ्या हातात मोडली. तुम्ही रागवाल म्हणून दोन्ही तुकडे शर्टात लपवले. तो बसला नव्हता, बाबा.