वारा येतो त्या दिशेला

प्रिय अगं,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. लिहून फाडलं, परत लिहिलं. ‘प्रिय’च्या पुढे काय लिहावं तेच कळेना. जन्मभर तुला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली, तेच लिहिलं. चौथी शिकलेल्याचं अक्षर आहे, लागलं नाही तरी मुलीकडून वाचून घेऊ नकोस, तूच डोळे ताण. मी फोन केला की तू तो तिच्या हातात देतेस, म्हणून हा खटाटोप. तू तिच्याकडे गेल्याला महिना होत आला आणि परत येणार की नाही, एवढंही मला कुणी धड सांगत नाही.

घरी ठीक आहे. म्हणजे अगदी ठीक असं नाही. कडी लावली ना, म्हणून बघायला उठतो. आडवा झालो की गॅस बंद केला ना, म्हणून परत उठतो. शेजारची शिक्षिका भाजी आणून देते आणि विचारते, काकू कधी येणार. मी सांगतो, नातवाला दात येताहेत, जरा दमाने येईल. परवा ती म्हणाली, काका, एव्हाना तो पोरगा ऊस सोलत असेल. मी हसलो, पण ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

बागेत जायचा हट्ट माझाच होता. तू म्हणत होतीस, ज्या जागेने आपल्याला खोकला दिला तिथे फुलं बघायला कशाला जायचं. पण मला बघायचंच होतं. आपला रंगाचा कारखाना, जिथे गवताची काडी उगवत नव्हती, तिथे म्हणे रान केलंय. आणि खरंच केलं होतं, तूही कबूल केलंस. सांडपाण्याच्या हौदात वेत वाढलेला आणि पाणकोंबड्या फिरणाऱ्या. तुझ्या पॅकिंगच्या शेडचं छप्पर काढून आत फुलपाखरांसाठी झुडपं लावलेली. तू बरोबर तुझं टेबल होतं तिथे उभी राहिलीस आणि म्हणालीस, इथे मी पोत्यांची तोंडं शिवली, आता माशा मारायलाही कुणी पगार देणार नाही. किती दिवसांनी तुझी जीभ अशी चालली होती. मग माझं कंबरेचं हाड दुखायला लागलं, म्हणून आपण हौदाकाठच्या बाकावर टेकलो. पाण्याची बाटली तुझ्या पिशवीत होती. माझी काठी घसरून बाकाच्या मागे गेली होती, ती नंतर काढू म्हणालीस.

आणि भोंगा वाजला. आखूड, तीनदा.

त्याचा अर्थ तिथे कामाला असलेल्याला झोपेतही कळतो. वायू सुटला. हातातलं टाकायचं, रुमाल ओला करून नाकावर धरायचा, वारा येतो त्या दिशेला पळायचं आणि मागे बघायचं नाही. बचाव पथकात होतो तेव्हा पॅकिंगच्या बायकांना हे मीच शिकवलं. तुम्ही सगळ्या फिदीफिदी हसायचात, तू सगळ्यांत जास्त. मग एकदा खरंच वायू सुटला, तो फिटर भावाला आणायला मागे फिरला आणि दोघेही आले नाहीत. त्यानंतर कुणी हसलं नाही. लग्नानंतरही जेवता जेवता मी तुला ते घोकायला लावायचो. भाऊ असो, नवरा असो, थांबायचं नाही. तू म्हणायचीस, आधी भात वाढू की आधी पळू.

त्या दिवशी तू थांबली नाहीस. माझ्या दंडावरचा तुझा हात सुटला, बाटली रुमालावर उपडी झाली आणि तू चढावर निघालीस, ते दुखरे गुडघे घेऊन. आजूबाजूचे आपल्यासारखे जुने कामगार सगळेच उठले. कँटीनची आचारीण पळत होती, तो पोट सुटलेला मुकादम पळत होता, सगळे त्याच बाजूला. तरुण मंडळी हसत मोबाइल काढून तुमचे फोटो घेत होती. मी ओरडलो, पळा रे, पण ती हसतच राहिली. उठवेना. काठीला हात पुरेना. शर्टाचं टोक नाकावर धरून बसून राहिलो. तेवढ्यात हौदातल्या पाणकोंबडीवर नजर गेली. ती निवांत चिखल टोचत होती, पिल्लं मागे. पूर्वी वायू सुटला की आधी पाखरं पडायची. तेव्हा मला कळलं, काही नाही. कारखान्याचा जुना भोंगा दुरुस्त करून माळ्याने चालवून पाहिला होता, बटण अडकत होतं म्हणून तीनदा दाबलं. बिचारा हात जोडत आला. मी नंतर जाऊन तिथल्या साहेबांना सगळं समजावलं. आता वाजवलाच तर एकदाच, लांब वाजवतात.

तू परत आलीस ती ओला रुमाल मुठीत धरून. काठी काढून दिलीस. घरी औषधं मोजून ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी मुलीकडे गेलीस. मला वाटलं, हट्टाने तिथे नेलं म्हणून रुसलीस. इतके दिवस मी तेच धरून बसलो होतो. काल मुलीने सांगितलं की तू झोपेतून उठून म्हणतेस, मी त्यांना टाकून पळाले, आता कुठल्या तोंडाने जाऊ.

म्हणून हे पत्र. खोटं लिहीत नाही, तू एकदाही वळून पाहिलं नाहीस ते क्षणभर मला लागलं. पण लगेच दिसलं की तू बरोबर बाजूला चालली आहेस. घाबरलेली माणसं वाऱ्याबरोबर पळतात आणि सापडतात. तू वाऱ्याच्या समोर गेलीस. चढ संपून तुझी पाठ दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, ही सुटली, आता माझं काय व्हायचं ते होवो. इतकं हलकं मला आपल्या मुलीच्या जन्माच्या वेळीही वाटलं नव्हतं. तू मागे फिरली असतीस तर मी तुला शिव्या घातल्या असत्या. यात तुझी चूक कुठली ते मला सापडत नाही, तुला सापडली असेल तर इथे येऊन सांग, भांडू. यायचं नसेल तर तसं लिही, पण लिही. फोन आला की मुलीच्या हातात देऊ नकोस, नुसतं हं म्हण. मी रोज टपालवाल्याला अडवतो, तो वैतागला आहे. लवकर कळव.

तुझाच