चर्चच्या बाकाची डावखुरी बंदूक

हेस्टर, माझ्या लाडक्या बहिणी,

सगळ्यांत आधी टपकला तो शेजारचा टीलमान, तेही मी केस धुऊन ओट्यावर वाळवत बसले असताना. (तुझा गुडघा कसा आहे, तेल लावतेस ना, हे पहिल्याच ओळीत विचारणार होते, पण टीलमान मध्ये आला. त्याचं नेहमीचंच आहे.) इकडे सगळे खुशाल. पाऊस नाही, शेळ्या आहेत, आणि मी इतकी आनंदात आहे की परवा कॉफीत मीठ घातलं आणि तशीच प्यायले.

ही सगळी धावपळ माझ्या नातीसाठी, इल्सेसाठी. शिकाऱ्यांना रानात नेणाऱ्या वाटाड्याच्या परीक्षेत ती नापास झाली, का, तर पोर डावखुरी. मोठ्या जनावराच्या बंदुकीत एक गोळी झाडली की बोल्टचा दांडा मागेपुढे ओढून दुसरी भरायची, आणि तो मेला दांडा असतो उजव्या बाजूला. पोरीला नळीवरून हात घालावा लागतो. परीक्षेला रुळावरून पुठ्ठ्याचा रेडा अंगावर सोडतात. पहिली गोळी तिने त्याच्या कपाळात घातली, दुसरी भरेपर्यंत रेडा हिच्या मांडीवर येऊन बसला. पुन्हा असंच झालं तर ती विंडहुकला विम्याच्या कचेरीत जाणार, शिकारीचे पाहुणे दुसऱ्या फार्मवर जाणार, आणि मी शेळ्यांशी गप्पा मारणार. दुकानात डावी बंदूक मिळते, पण तेवढ्या पैशांत ट्रक येतो.

तर टीलमानने त्याच्या आजोबांची जाडजूड बंदूक आणली होती. तिच्यावरून त्याच्याच बायकोने गाडी मागे घेतलेली, त्यामुळे मधलं सगळं चेपलेलं. म्हणे, उलटी धरली की डावी होईल. मी म्हटलं, बाबा, तू नळी ठेव आणि जा. नळी मात्र सरळ निघाली. बदल्यात त्याला जन्मभर माझा अंजिराचा मुरांबा हवाय. (जन्मभर म्हणजे त्याच्या की माझ्या, ते ठरायचंय.)

मग गावातून आला बंदुका बनवणारा वेसेल, बरोबर बायको बेट्टा, ती माझे पडदे बघायला. आपल्याकडे कॉफी, बिस्किटं आणि पावसाचं बोलणं झाल्याशिवाय कामाचं तोंड उघडायचं नाही, आणि पाऊस न आल्यामुळे त्यावर बोलायला केवढं तरी होतं. जेवणवेळ झाली तेव्हा कळलं की दस्त्याला लाकूड हवं. चर्चने बाजार भरवून जुनी बाकं विकली ना, त्यातलं एक माझ्याकडे आहे, कियाटच्या लाकडाचं, पिढ्यान्‌पिढ्या प्रवचनं ऐकून वाळलेलं. वेसेलने ते डॉक्टरासारखं ठोकून पाहिलं. पाद्रीबाबांना कुणकुण लागली, विचारायला आले. मी म्हटलं, या लाकडाने एवढं ऐकलंय की एका बाराने ते दचकणार नाही. हसले, मुरांबा घेऊन गेले.

आता माप. इल्से तेव्हा पवनचक्कीवर चढून पंप दुरुस्त करत होती. वेसेल म्हणाला, तिला कशाला उतरवता, ती तर तुमचीच प्रतिमा, तुम्हीच उभ्या राहा. राहिले. कोपर मोजला, मान मोजली, खांदा मोजला. इतक्या वर्षांनी कोणी माप घेतंय म्हणून मी पोट आत ओढून धरलं. (बेट्टाने पाहिलं. पाहू दे.) दस्ता तयार होऊन आला तो माझ्या खांद्यात तान्ह्या बाळासारखा विसावला. इल्सेचे हात माझ्याहून लांब, तिने धरला तर दस्ता आखूड, अंगठा थेट नाकावर.

टीलमान म्हणाला, "आता रेड्यासमोर आजीलाच उभं करा. बोलून बोलून माघारी पाठवेल."

इल्से हसली नाही. लाकडावरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "आजी, एवढं जमलं ना, तर मी कुठंही जात नाही."

वेसेलने ट्रॅक्टरच्या टायरचं रबर कापून मागे जोडलं. मग पोरीने गाल टेकवला आणि नुसत्या हवेतच डाव्या हाताने दांडा ओढून दाखवला, गाल जरासुद्धा हलला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेत रडले. पाव फार छान फुगला.

तुझी ताई,
ट्रुइडा

ता. क. हवेतच ओढला, कारण दांडा अजून नाही. नळी आहे, दस्ता आहे, मध्ये भोक आहे. वेसेल सहसा मधलं दांड्याचं यंत्र हातात आल्याशिवाय लाकूड कापत नाही. पण मीच सांगून बसले की डावं यंत्र येतंय, तू घेऊन येतेयस.

ता. क. २. फ्लिपभावजींची बंदूक गं. तेही डावखुरेच होते. वेसेलने ती एकदा दुरुस्त केली होती, मापं त्याच्याकडे आहेत, लाकूड त्याच मापाने कापलंय, दुसरं काही त्यात बसणार नाही. परवान्याचे कागद चौकीतले साहेब करून देतो म्हणतात. ती कपाटातून हलवायची नाही असं तू ठरवलंयस, माहीत आहे मला. ते गेल्यापासून संध्याकाळी तू तिच्याशी बोलतेस, तेही माहीत आहे. इथे येऊन बोल. खोली झाडून ठेवलीय, पलंगही बुटका केलाय तुझ्या गुडघ्यासाठी.

ता. क. ३. बुधवारची बस पकड. वेसेल, बेट्टा आणि टीलमान गुरुवारी सकाळी यंत्र बसवायला परत येतो म्हणालेत.