थर्माकोल धरणारा हात

मंगळवार, दिवेलागण

गारगोटीहून लेकीचा फोन, "पप्पा, शूटिंगवरच सिनेमा काढलाय. बघा की, तुमचंच काम हाय त्यात!" बघितला. दिग्दर्शक रडतो, हिरॉईन रुसते, आम्ही लाईटवाले कुठंच न्हाय. एकदाच, कडेला उजेड वळवायचा थर्माकोल धरलेला एक हात दिसला. तीनदा मागं नेऊन बघितला. कुणाचा असेल? त्याच्या घरी कुणी ओळखला असेल का?

मोठा दिवा लावायच्या आधी सेटवर ओरडायचो, "डोळं सांभाळा!" घरीही बटण दाबताना तेच तोंडातनं जायचं. बायको, मालन, भाकरी थापता थापता मुद्दाम डोळं मिटायची, हसायची. ती जाऊन वर्ष झालं.

तो हात काही डोक्यातनं जात न्हाय. माझा असता तर तिनं लगेच ओळखला असता.

आत्ता अंधारलं म्हणून उठलो. सवयीनं ओरडलो. मग मीच डोळं मिटलं आणि बटण दाबलं.