टेकची वही आणि मी गाळलेली वाक्यं

अहो आई,

काल शेखरनं माझे आभार मानले, म्हणून हे पत्र. परवा तुमचं वर्षश्राद्ध. तुमचा फोटो पुसता पुसता तुमचा मुलगा म्हणाला, "निदान इथे असताना तू तिला डॉक्टरकडे नेलंस, मंजिरी. तेवढंच समाधान." मी नुसतं 'हं' केलं आणि कुकर लावायच्या निमित्तानं आत गेले. कुकर आधीच लावलेला होता.

त्याला सांगायच्या आधी तुम्हाला सांगते. तुम्हाला बहुतेक तेव्हाच कळलं असेल, पण माझ्या तोंडून कळलं नव्हतं.

आठवतं, इथे परदेशात, वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटवर येऊन आठ दिवस होत नाहीत तोच तुम्ही अर्णवची डिक्शनरी उघडलीत? नातू मराठीला इंग्रजीतच उत्तर देतो, मग आपणच शिकावं, हे तुमचं सरळसोट म्हणणं. सांगलीत तीस वर्षं शिवणक्लास चालवलेली बाई पहिल्या पानापासून मुकाट्यानं वाचत थोडीच जाणार? तुम्ही एकच क्रियापद धरलंत, टेक. का, तर माप घेतात तेही टेक आणि सैल ब्लाउज उसवून आत घेतात तेही टेक इन. हे माझ्या ओळखीतलं आहे, म्हणालात.

मग वही आली. क्लासच्या पोरी नमुन्यांच्या वहीत एका पानावर एकच टाका लावतात, तशी एका पानावर एकच अर्थ. विमान उडतं ते टेक ऑफ, चपला काढायच्या तेही टेक ऑफ. नातू आजोबांच्या वळणावर गेला तर टेक आफ्टर, जिवाला लावून घेऊ नकोस म्हणायचं तर टेक इट ईझी. रोज एक पान, आणि रोज ते वाक्य कुणावर तरी वापरून बघायचं! लिफ्टमधल्या चिनी आजीवर, नाहीतर हॉकर सेंटरच्या, म्हणजे खालच्या खाण्याच्या टपऱ्यांमधल्या, कॉफीवाल्यावर. त्याला तुम्ही ऐटीत 'टेक अवे' म्हणालात तेव्हा अर्णवनं कपाळावर हात मारला. आजी, इथे पार्सलला दापाओ म्हणायचं ला, असं त्यानं इथल्या लोकांसारखा शेवटी 'ला' लावून शिकवलं आणि तुम्ही तिथल्या तिथे ते लिहून घेतलंत.

मी याला खूळ म्हणायची. खरं सांगू? मला हेवा वाटायचा. आठ वर्षांचा माझा मुलगा माझ्याशी 'ओके' आणि 'नो' एवढंच बोलायचा, आणि तुमच्यासमोर वही घेऊन तासन्‌तास बसायचा.

इंग्रजी माणसं भारी कंजूष, असं तुम्ही एकदा पोळ्या लाटताना म्हणालात. एका शब्दावर सगळा संसार भागवतात. आपल्याकडे नुसतं दुखणं घे, म्हणालात. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते. मी हसले आणि लॅपटॉप उघडला.

मग माझे मॅनेजर सहकुटुंब जेवायला आले. अर्णव आजोबांसारखा दिसतो, हे तुम्ही त्यांना इंग्रजीत सांगितलंत. अगदी बिनचूक. ते कौतुकानं हसले, तसा तुम्हाला हुरूप आला आणि तुम्ही टेकची पाच-सहा पानं एकापाठोपाठ एक म्हणून दाखवलीत. सगळे हसत होते. चांगलं हसत होते हो, आता कळतं. तेव्हा मात्र माझे कान तापले. पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला ओट्यापाशी गाठलं. "आई, लोकांसमोर इंग्रजी नका बोलत जाऊ. मला लाज वाटते."

तुम्ही 'बरं' म्हणालात आणि उरलेली भाजी डब्यात काढायला लागलात. त्यानंतर वही माझ्यासमोर कधी आली नाही. मीही विचारलं नाही, वही कुठे गेली म्हणून.

पंधरा दिवसांनी तुम्हाला बरं वाटेना. शेखर कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून मी खालच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून, तुम्हालाच विचारलं की काय होतंय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मराठीत मला सांगितलंत, "दुखत नाही गं. छातीत घालमेल होते. डाव्या खांद्याखाली आतून ओढतं. जिना चढताना दोन पायऱ्यांवर थांबावं लागतं."

मी घड्याळ बघितलं. साडेतीनला ऑफिसचा कॉल होता. मी डॉक्टरांना म्हणाले, गॅस्ट्रिक, बाहेरचं खाणं सोसत नाही त्यांना. एवढंच. तुमची चारही वाक्यं मी गिळली. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांना तरी काय दोष द्यायचा?

बाहेर पडताना तुम्ही विचारलंत, "ओढतं ते सांगितलंस ना?"

"हो, सांगितलं," मी म्हणाले.

आई, मी सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी तुम्ही सांगलीला परतलात आणि पुढच्याच महिन्यात घरच्या जिन्यावर कोसळलात. हार्ट अटॅक. ध्यानीमनी नसताना गेल्या, असं जो तो म्हणाला. ध्यानीमनी कसं नव्हतं? तुम्ही मला सांगितलं होतं.

दिवस झाल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा अर्णवनं सहज विषय काढला. क्लिनिकच्या दिवशी सकाळी आजीनं त्याच्याकडून एक वाक्य बसवून घेतलं होतं म्हणे. जिना चढायला मला फार वेळ लागतो, मध्ये थांबावं लागतं. 'इट टेक्स मी' इथपासून सुरू होणारं वाक्य, दहा वेळा घोकलेलं.

म्हणजे वाक्य तुमच्या तोंडात तयार होतं! मग बोललात का नाही? मला लाज वाटते म्हणून? अहो, एरवी माझं एवढं कधी ऐकलंत? आमटीत गूळ घालू नका म्हटलं तर दोन खडे जास्त घालायचात. तेवढं एकच का ऐकलंत? असं तुमच्यावर रागावून बघते, पण तो राग पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही.

डॉक्टरांना सगळं कळलं असतं तर तुम्ही वाचला असतात का, मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पण शेखर ज्या समाधानावर वर्षभर जगतोय ते खोटं आहे, आणि ते मी त्याला दिलंय.

आज तो सहाला येईल. चहा झाला की सांगणार आहे. घालमेल, खांद्याखालची ओढ, दोन पायऱ्या, आणि मी मारलेली थाप. तुमच्याच शब्दांत, एकही न गाळता. कॉलचं नाव पुढे करणार नाही. तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐकून घेईन, नाही बोलला तर तेही सोशीन. हा माझा शब्द. परवा तुमच्या नावाचं पान मांडायच्या आधी त्याला सगळं ठाऊक असेल. मग ते पान माझ्या हातानं वाढायचं की नाही, ते तुमच्या मुलानं ठरवावं.

तुमची सून,
मंजिरी